‘मी दमले गं’ : एका लेकीच्या पत्राला उत्तर

पत्र (संक्षेपाने) :

‘माझे वय ३७. मी इंदिरानगरला राहते. आईबाबा नाशिकरोडला आमच्या जुन्या घरी राहतात. बाबा ६४ वर्षांचे आहेत, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. दिवाळीनंतर आई मावशीकडे गेली होती, म्हणून बाबा आठवडाभर माझ्याकडे होते. रात्री मुलगी झोपल्यावर मी “ट्रान्सपरंट” ही जुनी अमेरिकन मालिका पाहत असे. पहिल्या रात्री बाबा शेजारी येऊन बसले ते उठलेच नाहीत. आठवड्यात पहिला सीझन पाहून झाला. शेवटच्या दिवशी मटार सोलता सोलता बाबा म्हणाले, “मी आता दमले गं.” जीभ घसरली असेल असे वाटून मी हसले. ते हसले नाहीत. मग हळूहळू म्हणाले, “लहानपणापासून मी आतून बाईच आहे. कुणाला बोलले नाही, तुला सांगते आहे.” त्याच रात्री मी पुण्याला भावाला फोन केला. तो म्हणाला, मानसोपचारतज्ज्ञाकडे ने. आईला कळले तर घर मोडेल, त्यापेक्षा बाबांनाच दुसरीकडे राहायला सांगू. मी ती मालिका लावली नसती, तर हे झाले असते का? बाबांना आता काय म्हणायचे? आईला कोणी सांगायचे? आई देवभोळी आहे, दर वर्षी सप्तशृंगगडावर जाते. माझी मुलगी दहा वर्षांची आहे, तिला काय सांगू? सिग्नलवर टाळ्या वाजवणाऱ्यांपलीकडे मला या विषयातले काही माहीत नाही, आणि हल्ली सिग्नलला थांबले की तिथे मला बाबांचा चेहरा दिसतो.’

– एक लेक, नाशिक

प्रिय ताई,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तुमची झोप त्यानेच उडवली आहे. नाही, मालिकेमुळे हे झालेले नाही. काही तासांच्या गोष्टीने चौसष्ट वर्षांच्या माणसाच्या मनात नवे काही पेरता येत नाही. आत असलेल्या गोष्टीला फार तर वाट मिळते. बाबांना पडद्यावर काय दिसले, याचा विचार करा. लॉस एंजेलिसमधले फेफरमन कुटुंब, निवृत्त प्राध्यापक असलेले वडील, तीन मोठी झालेली मुले, आणि आपण स्त्री आहोत हे त्या मुलांना कसे सांगावे या विवंचनेत वर्षे घालवलेली मॉरा, तेच ते वडील. म्हणजे आपल्याच वयाचे, नोकरी करून, संसार करून, मुलांची शिक्षणे उरकून निवृत्त झालेले माणूस. नाशिकरोडच्या घरात इतक्या वर्षांत असे माणूस बाबांना ना वर्तमानपत्रात भेटले असेल, ना शेजारी. त्याहूनही महत्त्वाचे असे की ती गोष्ट पाहताना शेजारी तुम्ही होतात, तुम्ही चॅनल बदलले नाही, आणि मॉराला तुम्ही हसला नाहीत. मला वाटते, बाबा सगळा आठवडा पडद्याइतकेच तुमच्या चेहऱ्याकडेही पाहत असणार.

ही मालिका २०१४ साली आली. ती रचणाऱ्या जोई सोलोवे यांनाही त्यांच्या वडिलांनी उतारवयातच हे सांगितले होते, आणि त्या सांगण्यातूनच मालिकेचा जन्म झाला. तेव्हा मटार सोलताना तुम्ही जिथे बसला होतात, तिथे तुमच्याआधीही कोणी बसलेले आहे.

आता ‘दमले’विषयी. तुम्ही विचारता, बाबांना काय म्हणायचे. मला त्याआधी या क्रियापदापाशी थांबावेसे वाटते. जिथे क्रियापदाला लिंग नसते, अशा भाषेत बोलणाऱ्या माणसाला आपले गुपित सर्वनामापुरते सांभाळता येते. मराठीत मात्र ‘मी’ म्हणून वाक्य सुरू केले की ते संपेपर्यंत बहुतेकदा आपण बाई की पुरुष, हे सांगूनच थांबावे लागते. उठलो, जेवलो, दमलो, विसरलो. बाबांनी साठ वर्षे दिवसातून शेकडो वेळा हा ओकार उच्चारला आणि प्रत्येक वेळी, तुमच्या पत्रावरून मला जे समजते त्याप्रमाणे, तो घशात थोडा अडकला. त्या दुपारी पहिल्यांदा तो एकार झाला. तुम्हाला ती जीभ घसरल्यासारखी वाटली यात तुमचा दोष नाही, कुणालाही तसेच वाटले असते. पण ते एक अक्षर बाहेर पडायला किती बळ लागले असेल, हे मराठी माणसालाच नीट कळू शकते, म्हणून हे तुम्हाला लांबण लावून सांगते आहे.

याच भाषेत तुमच्यासाठी एक आधारही आहे. समोरच्याला ‘तुम्ही’ म्हटले, की ‘आलात’, ‘जेवलात’, ‘झोपणार का’, ‘चहा घ्याल का’ ही सगळी रूपे बाईला आणि पुरुषाला सारखीच लागतात. पाठीमागे बोलताना ‘त्यांनी सांगितले’, ‘त्यांना आवडते’, ‘त्यांचा फोन आला’ यांतही लिंग येत नाही. अडचण येते ती ‘ते आले’ आणि ‘त्या आल्या’ यांच्यात, आणि ती वाक्ये काही दिवस टाळता येतात. सवय नसलेल्या जिभेला आठवडाभर जड जाईल, पण जमते. बाबांनी नवे नाव किंवा नवी संबोधने मागेपर्यंत त्यांच्यावर काहीही न लादता तुम्ही एवढे नक्की करू शकता. ‘तुमच्याविषयी बोलताना मी कसे बोलू?’ हा प्रश्न एकदा शांतपणे विचारा, आणि उत्तर लगेच मागू नका. बाबा स्वतःविषयी तुमच्यापुढे ‘दमले’, ‘विसरले’ म्हणतील तेव्हा सुधारू नका, दचकू नका, आणि दाद दिल्यासारखेही करू नका. वाक्य जसे येईल तसे येऊ द्या.

‘बाबा’ हा शब्द सोडावा लागेल अशी तुमची धास्ती दिसते. मालिकेतल्या मुलांनी आईबापांची दोन्ही संबोधने जोडून ‘मॉपा’ असा नवाच शब्द घडवला. त्यांना तो शोभला. आपल्याकडे तसे काही जुळवायला हवेच असे नाही. कितीतरी मराठी घरांत वडिलांना ‘दादा’ किंवा ‘भाऊ’ म्हणतात आणि आईला ‘वहिनी’ किंवा ‘काकू’, कारण एकत्र कुटुंबात मुलांच्या कानांवर तेच पडलेले असते. त्या शब्दाचा कोशातला अर्थ कुणी विचारत नाही. तो त्या माणसाचा होऊन जातो. वारकऱ्यांनी ज्ञानेश्वरांना माउली म्हटले, विठ्ठलाला विठाई म्हटले, तेव्हाही नात्याचा शब्द देहाला विचारून ठरवलेला नव्हता. तुमच्या बाबांना ‘बाबा’ हाच शब्द हवा असण्याची बरीच शक्यता आहे, कारण तुमचे ‘बाबा’ होणे हे त्यांच्या आयुष्यातले खोटे नव्हते. पण ठरवायचे त्यांनी.

भावाला फोन केलात, ती मात्र चूक झाली. तुम्ही घाबरलेल्या होतात, एकट्या होतात, हे मी समजू शकते. तरीही ते सांगणे तुमच्याकडचे नव्हते. बाबांनी साठ वर्षे जपलेली गोष्ट एका व्यक्तीच्या हाती दिली आणि काही तासांत ती पुण्याला पोहोचली. हे त्यांना तुमच्याकडूनच कळले पाहिजे, आणि लवकर. भावाच्या तोंडून कळले, तर पुढे काही सांगण्याआधी बाबा दहा वेळा विचार करतील. ‘मी घाबरले आणि दादाला बोलले, तुम्हाला न विचारता, माझे चुकले’ एवढे पुरे आहे. भावालाही बजावा, की ही गोष्ट त्याच्याकडून पुढे कुठेही, बायकोपाशीसुद्धा, जाऊ नये.

भावाने सुचवलेल्या दोन्ही गोष्टींविषयी स्पष्ट लिहिते. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हरकत नाही, पण कशासाठी जायचे ते ठरवून जा. बाबांना ‘बरे’ करण्यासाठी नेणार असाल, तर तो आजारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली, आणि तिच्यात ही बाब मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढलेली आहे. मद्रास उच्च न्यायालयातल्या एका प्रकरणानंतर आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने त्याच वर्षी राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले, की माणसाची लिंगओळख बदलण्याचे तथाकथित उपचार करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन मानावे. याउलट, इतकी वर्षे मनात कोंडून ठेवल्याने झोप गेली असेल, उदासी असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर त्यासाठी चांगल्या तज्ज्ञाची मदत जरूर घ्यावी. पहिल्याच भेटीत ‘तुमचा हेतू काय?’ हे डॉक्टरांना विचारा. ‘हे खूळ काढून टाकू’ असे कुणी म्हणाले, तर खुर्चीवरून उठा. आणि बाबांनी जगण्याचाच कंटाळा आल्यासारखे काही बोलून दाखवले, तर ‘दमले’ या शब्दाकडे पुन्हा लक्ष द्या. त्या दिवशी त्यांना एकटे सोडू नका आणि डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका.

घराबाहेर काढण्याविषयी एवढेच, की सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात प्रत्येकाला आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, आणि २०१९ च्या केंद्रीय कायद्याने, जो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला, पारलिंगी व्यक्तीला, म्हणजे जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा जिची ओळख वेगळी आहे अशा व्यक्तीला, आपल्या कुटुंबाच्या घरात राहण्याचा आणि तिथून वगळले न जाण्याचा हक्क दिला. त्या कायद्यात, अशा व्यक्तीला घर सोडायला भाग पाडणे हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरवला आहे. हे भावाला धमकी म्हणून ऐकवू नका, पण त्याला ते माहीत असू द्या. शिवाय ज्या घरातून त्यांना काढायची भाषा चालली आहे, ते घर त्यांनीच उभे केलेले आहे.

आता तुमच्या आईविषयी. या संपूर्ण गोष्टीत मला सर्वांत जास्त काळजी त्यांची वाटते, आणि इथे ती मालिका तुमच्या काही कामाची नाही. मालिका सुरू होते तेव्हा मॉरा आणि तिची पत्नी शेली यांचा घटस्फोट होऊन बरीच वर्षे झालेली आहेत; शेलीचे घर वेगळे आहे, संसार वेगळा आहे. तुमची आई मात्र त्याच स्वयंपाकघरात आहे, त्याच कपाटात तिच्या साड्या आहेत, तिच्या गळ्यात मंगळसूत्र आहे, हळदीकुंकवाला ती त्याच नावाने जाते. इतक्या वर्षांच्या संसारानंतर ‘मग माझे लग्न काय होते?’ हा प्रश्न तिला पडणार, आणि तो पडण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. ती रडली, चिडली, काही दिवस अबोला धरला, तर तिला मागासलेली ठरवू नका. बाबांच्या बाजूने उभे राहायचे म्हणून आईच्या दुःखाला नकार द्यायचा, असे उत्साही मुलांकडून पुष्कळदा होते, आणि मग आई घरात एकटी पडते.

सांगायचे मात्र बाबांनीच. तुम्ही नाही, भावाने तर मुळीच नाही. कधी सांगायचे, किती सांगायचे, आईने विचारले तर काय उत्तर द्यायचे, याची तयारी करायला तुम्ही मदत करू शकता. बाबांना हवे असेल, तर त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसू शकता. सणावाराची धामधूम, पाहुण्यांचा राबता, कुणाचे आजारपण असे दिवस टाळा. नंतरचे काही दिवस आईला तुमच्याकडे इंदिरानगरला यावेसे वाटले तर तिची सोय ठेवा, पण ‘चल, इथून जाऊ’ असे तुम्ही होऊन म्हणू नका. दोघे मिळून पुढे कसे राहतील, एकत्र की वेगळे, हे त्या दोघांचे आहे. पती-पत्नी म्हणून नाही, तरी जन्माचे सोबती म्हणून एका छपराखाली राहणारी माणसे असू शकतात. आणि वेगळे होणारीही असू शकतात. आईला तिची अशी, तिच्यासाठीच ऐकणारी समुपदेशक मिळाली तर फार बरे. तुम्ही ती भूमिका घेऊ नका, कारण तुम्ही दोघांची मुलगी आहात.

आणि हेही शक्य आहे, की आईला बरेच काही आधीपासून ठाऊक असेल. इतक्या वर्षांच्या सहवासात कपाटातली घडी मोडलेली लक्षात येते. पण हा केवळ माझा तर्क आहे. त्यावरून तिला काही विचारू नका.

सिग्नलवर बाबांचा चेहरा दिसतो, हे वाक्य तुम्ही लिहिलेत त्याचे मोल मला कळते, कारण असे कुणी कबूल करत नाही. त्यातली भीती जरा सुटी करून पाहू. हिजडा किंवा किन्नर समाज ही गुरू-चेल्यांच्या घराण्यांची एक जुनी परंपरा आहे. तिच्यात स्वतःहून किंवा परिस्थितीने गेलेली माणसे असतात. पारलिंगी असणे म्हणजे त्या परंपरेत जाणे नव्हे, आणि तुमच्या बाबांनी तसे काही म्हटलेलेही नाही. हे झाले तुमच्या समाधानापुरते. पण इथे थांबले तर मी अर्धेच बोलले असे होईल. सिग्नलवर उभ्या असलेल्यांपैकी कितीतरी जणींना पंधराव्या-सोळाव्या वर्षी घरातून हाकलले गेले आहे. त्यांनाही कधीतरी घरात कुणापुढे ‘मी दमले’ म्हणायचे होते, आणि ते ऐकून घेणारे कुणी नव्हते. तेव्हा तिथे बाबांचा चेहरा दिसला तर मान फिरवू नका, पाहा.

आई दर वर्षी गडावर जाते असे तुम्ही लिहिले आहे. कोजागरी पौर्णिमेला सप्तशृंगगडावर राज्यभरातून तृतीयपंथी येतात, त्यांचा छबिना निघतो, आणि कितीतरी बाया त्यांच्या पाया पडून लेकराबाळांसाठी आशीर्वाद मागतात. आईनेही तो मागितला असेल. पण हा मुद्दा आईपुढे युक्तिवाद म्हणून ठेवू नका. देवीच्या दारात पाया पडणे आणि आपल्या नवऱ्याविषयी हे ऐकणे, यांत फार अंतर आहे. तो दुवा तिचा तिला सापडला तर सापडू द्या.

मुलीला आत्ता काहीच सांगायला नको. आजोबांनी सांगायचे ठरवले, की दहा वर्षांच्या मुलांना ते मोठ्यांपेक्षा लवकर कळते. तोवर तिच्यासमोर कुजबुज आणि दार लावून रडणे एवढे टाळा. मुले त्यालाच घाबरतात.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली, आणि ती तातडीची आहे. अनेक जण लाजेपोटी डॉक्टरांकडे न जाता औषधाच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून स्त्री-संप्रेरकांसाठी (हार्मोन्ससाठी) स्वतःच खाऊ लागतात. या वयात, विशेषतः रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असताना, रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका खरोखर मोठा असतो. मालिकेतल्या मॉरालाही पुढे हृदयाच्या दुखण्यामुळे शस्त्रक्रियेचा विचार सोडावा लागतो. बाबांना शरीरात काही बदल हवे आहेत की नाहीत, हे मला माहीत नाही. अनेकांना नको असतात, फक्त घरात मोकळेपणाने वावरता यावे एवढेच हवे असते. पण हवे असतील, तर संप्रेरकतज्ज्ञाकडे जाऊन तपासण्या झाल्याशिवाय एकही गोळी घेऊ नये, एवढे त्यांना सांगा. नाव, ओळखपत्र, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे यांना हात लावण्याआधी वकिलाकडून सध्याचे नियम समजून घ्या, कारण तिथे आईच्या कुटुंब-निवृत्तिवेतनाचाही प्रश्न आहे. त्यात घाई नाही.

तुमच्या लक्षात आले असेल, की एखाददुसरे ठिकाण सोडले तर या उत्तरात मी बाबांविषयी ‘ते’ असेही लिहिलेले नाही आणि ‘त्या’ असेही नाही. हे मराठीत जमते, हे तुम्हाला दाखवायचे होते.

शेवटी, मालिकेचे पुढचे सीझन पाहायचे का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण बाबा पुढच्या वेळी आले की तो विषय निघेल असे मला वाटते. पाहा, जरूर पाहा. मात्र दोन गोष्टी आधी बोलून घ्या. मॉराची भूमिका एका पुरुष नटाने केली आहे, आणि पारलिंगी स्त्रीची भूमिका पारलिंगी स्त्रीलाच का दिली नाही, असा आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता. त्या नटावर पुढे सहकाऱ्यांनी गैरवर्तनाचे आरोप केले. त्याने ते नाकारले, पण २०१८ मध्ये त्याला मालिकेतून काढण्यात आले. त्यामुळे २०१९ चा शेवटचा भाग मॉराविनाच करावा लागला, आणि त्या भागाच्या सुरुवातीलाच मॉरा गेल्याचे मुलांना कळते. बाबांना हे पडद्यावर अचानक दिसू नये. आधी सांगा, आणि शेवटचा भाग पाहायचा की चौथ्या सीझनवर थांबायचे, हे त्यांना ठरवू द्या.